रिमाइंडर लावला होता, पण वाजलाच नाही: दोष नेमका कुठे असतो आणि तो कसा शोधायचा

दत्तमंदिरामागच्या आजींचा फोन आला तेव्हा मी सातपूरला एका वर्कशॉपमध्ये होतो. मे महिना, दुपारचे तीन. "अरे, लाइट गेली आणि पाच मिनिटांत पंखा बंद. तू यंदा पाणी टाकायला आलाच नाहीस."

मी नाशिकमध्ये घरगुती इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांची देखभाल करतो. साधारण सव्वाशे घरं आहेत. लेड-अ‍ॅसिड बॅटरीत दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघावीच लागते, उन्हाळ्यात तर नक्की. आजींकडे पोचलो तर पाण्याची पातळी दाखवणारे सहाच्या सहा फ्लोट तळाला. झाकण काढून टॉर्च मारला. प्लेटांची वरची कड कोरडी, पांढुरकी पडलेली. प्लेट उघडी पडली की तेवढा भाग कामातून जातो, मग कितीही पाणी घाला. अजून दीड-दोन वर्षं सहज चालली असती अशी १५० अँपिअर-अवरची बॅटरी गेली. आजोबा अंथरुणावर, आणि आजी त्यांना पुठ्ठ्याने वारा घालत बसलेल्या. नव्या बॅटरीचे निम्मे पैसे मी भरले, आणि ते योग्यच होतं.

कारण मला आठवण नव्हती असं नाही. रिमाइंडर लावलेला होता. दर तीन महिन्यांनी, सकाळी नऊला. अ‍ॅप उघडून बघितलं तर नोंद जागच्या जागी, तारीख बरोबर, वेळ बरोबर. फक्त वाजला नव्हता.

हाच प्रकार तुमच्याही बाबतीत पुन्हापुन्हा होत असेल, मग ती आईची गोळी असो, गाडीचा विमा असो की शाळेची फी, तर अ‍ॅप बदलण्याआधी हे वाचा. मी तोवर चार अ‍ॅप बदलली होती. त्यातलं एकही अ‍ॅप वाईट नव्हतं.

आधी कुठे तुटलं ते बघा

बॅटरी चालत नाही म्हणून कोणी फोन केला तर मी लगेच नवी बॅटरी सुचवत नाही. आधी व्होल्टेज, मग टर्मिनल, मग पाणी. इथेही तसंच करायचं. निसटलेली एक नोंद डोळ्यांसमोर घ्या आणि फोनमध्ये ती शोधा. सापडलीच नाही, तर एक तर ती लिहिलीच गेली नव्हती किंवा भलतीकडे लिहिली गेली. सापडली पण वाचून काही बोध होत नाही, तर लिहिण्यात चूक आहे. सापडली, नीट आहे, वेळही बरोबर आहे, तरी फोन गप्प राहिला, तर दोष फोनच्या सेटिंगमध्ये आहे. या तिन्हींचे उपाय एकमेकांना अजिबात लागू पडत नाहीत, म्हणून हा शोध आधी घ्यायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

नोंद आहे, वेळ आहे, पण वाजत नाही

माझं प्रकरण इथलं होतं, म्हणून यावरच जास्त लिहितो. सगळं अँड्रॉइडबद्दल आहे. मेनूंची नावं फोनच्या कंपनीप्रमाणे थोडी इकडेतिकडे होतील.

पहिली गोष्ट, जी मला कोणीच सांगितली नव्हती: रिमाइंडर म्हणजे गजर नव्हे. घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये लावतो तो गजर. त्याचा आवाज वेगळा असतो, आणि डू नॉट डिस्टर्ब चालू असलं तरी सहसा तो वाजतो, कारण गजराला तिथे मुळात सूट दिलेली असते. रिमाइंडर ही मात्र एक साधी नोटिफिकेशन असते, व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजसारखी. एकदाच टुणकन वाजते आणि शंभर इतर नोटिफिकेशनच्या ढिगात जाऊन बसते. गिऱ्हाइकाकडे जाताना फोन सायलेंट केला, रात्री झोपताना डू नॉट डिस्टर्ब लावलं, की रिमाइंडर निमूट येऊन पडतो आणि आपल्याला वाटतं आलाच नाही. सकाळी सहाची थायरॉइडची गोळी रिमाइंडरवर सोडली असेल तर आजच ती गजरावर घ्या. ज्या गोष्टीला चुकायची मुभाच नाही, ती गोष्ट घड्याळात जायला हवी. गजराला नाव देता येतं, "गोळी, उपाशीपोटी" असं लिहा, म्हणजे झोपेतही कळतं कशासाठी वाजतोय.

आता माझ्या बॅटरीचं काय झालं ते. जुन्या गिऱ्हाइकांच्या तिमाही फेऱ्या मी एका अ‍ॅपमध्ये घातल्या होत्या. मग रोजची टिपणं लिहायला दुसरं अ‍ॅप घेतलं, ते सोपं वाटलं, आणि पहिलं उघडणं हळूहळू बंद झालं. म्हटलं, त्यातले रिमाइंडर तर येतच राहतील. पण अँड्रॉइड ११पासून, म्हणजे २०२०पासून, काही महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो, आणि १२व्या आवृत्तीपासून असं अ‍ॅप तो चक्क झोपवतो. झोपलेलं अ‍ॅप नोटिफिकेशन पाठवू शकत नाही. मधल्या काळात एकदोन रिमाइंडर आले होते, ते मी वाचले आणि बोटाने बाजूला सारले. नुसतं बाजूला सारणं हा वापर धरला जात नाही. तीन महिन्यांनी वाजायचं अ‍ॅप तीन महिने उघडलं नाही, म्हणून फोनने ते निजवलं. दर चार दिवसांनी वाजणारा रिमाइंडर या खड्ड्यात सहसा पडत नाही. तिमाही, सहामाही, वार्षिक गोष्टी नेमक्या पडतात: विमा, पीयूसी, टाकी धुणं, लसीचा पुढचा डोस.

उपाय साधा आहे. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात तुमचं अ‍ॅप, आणि तिथे खाली "पॉज अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी इफ अनयूज्ड" किंवा "मॅनेज अ‍ॅप इफ अनयूज्ड" अशा अर्थाचं बटण असतं. ते बंद करा. त्याच पानावर नोटिफिकेशन चालू आहेत ना, तेही बघा. अँड्रॉइड १३पासून प्रत्येक नव्या अ‍ॅपला त्यासाठी विचारावं लागतं, आणि घाईत आपण "नको" दाबून मोकळे होतो.

दुसरी परवानगी याहून लपलेली आहे. अँड्रॉइड १२मध्ये "अलार्म्स अँड रिमाइंडर्स" नावाची वेगळी परवानगी आली, ठरलेल्या मिनिटाला अ‍ॅपला जागं होऊ देणारी. १४व्या आवृत्तीपासून बऱ्याच नव्या अ‍ॅपना ती आपोआप मिळत नाही. ती नसेल तर रिमाइंडर येतो, पण फोनला सोयीचं वाटेल तेव्हा. नऊचा रिमाइंडर नऊ वीसला आला, अशी ज्यांची तक्रार असते त्यांनी हेच बघावं. सेटिंग्जमधल्या शोधाच्या चौकटीत थेट "अलार्म्स" लिहा, यादी समोर येते.

तिसरी भानगड बॅटरी वाचवण्याची. २०१५च्या अँड्रॉइड ६मध्ये डोझ नावाची सोय आली. फोन चार्जरला नाही, पडदा बंद आहे, बराच वेळ हलवलेला नाही, असं दिसलं की फोन अ‍ॅपची कामं मागे ढकलतो आणि मधूनमधून थोडा वेळ जागा होऊन एकदम उरकतो. त्यावर काही कंपन्यांनी आपापली जास्तीची कात्री लावलेली असते. अ‍ॅपच्या पानावर बॅटरीमध्ये जाऊन "अनरिस्ट्रिक्टेड" निवडा. शाओमीच्या फोनमध्ये "ऑटोस्टार्ट" चालू करा. सॅमसंगमध्ये बॅटरीच्या बॅकग्राउंड यूसेज लिमिट्समध्ये जाऊन अ‍ॅप "नेव्हर स्लीपिंग" यादीत टाका. आणि "फोर्स स्टॉप" कधी करू नका. त्याने त्या अ‍ॅपचे लावलेले सगळे रिमाइंडर पुसले जातात आणि पुन्हा उघडेपर्यंत अ‍ॅप उठत नाही. काही फोनमध्ये चौकोनाचं बटण दाबून सगळी अ‍ॅप वर सरकवून टाकण्याचा परिणामही जवळजवळ हाच होतो. ती सवय खूप जणांना असते, फोन हलका होतो म्हणून. रिमाइंडरचं अ‍ॅप तेवढं त्यातून वगळा. बहुतेक फोनवर तिथेच कुलपाचं चिन्ह देऊन ते धरून ठेवता येतं.

रात्री अपडेट होऊन फोन आपोआप बंद-चालू झाला, तर सकाळी पिन टाकेपर्यंत बहुतेक अ‍ॅप उठतच नाहीत. घड्याळाचा गजर सहसा त्यातूनही वाजतो. गोळी गजरावर घ्या म्हणतो त्याचं हे दुसरं कारण.

गूगल कीप वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. कीपमधले रिमाइंडर गूगलने टास्क्समध्ये हलवले आहेत. त्यामुळे कीपच्या नोटिफिकेशन चालू ठेवून भागत नाही, टास्क्स आणि कॅलेंडरच्याही चालू हव्यात. आणि "अमुक दुकानाजवळ गेल्यावर आठवण कर" ही जागेची सोय त्या बदलात गेली. तिच्यावर विसंबून असाल तर त्या नोंदींना आता वेळ देऊन टाका.

आयफोनवर यातलं बरंच लागू नाही. तिथे फोकस मोड आणि नोटिफिकेशन समरी या दोन जागा बघा. रिमाइंडर्स अ‍ॅपला "टाइम सेन्सिटिव्ह" परवानगी दिलेली असली म्हणजे झालं.

सगळं लावून झालं की तपासून बघायचं, आणि ते नीट. दोन मिनिटांनंतरचा रिमाइंडर लावून "वाजला बुवा" म्हणणं म्हणजे चार्जर लावलेला असताना बॅटरीचं व्होल्टेज मोजणं. ते चांगलंच दिसणार. फोन जागा असताना सगळंच चालतं. खरी परीक्षा रात्रीची: चार्जर काढा, फोन टेबलावर उपडा ठेवा, आणि पहाटे साडेपाचचा रिमाइंडर लावून झोपा. उठल्यावर नोटिफिकेशन नेमकी किती वाजता आली ते बघा. सलग दोन रात्री वेळेवर आली तर फोन सुधारला समजा.

नोंद आहे, पण सापडत नाही

याची दोन कारणं कुठल्याही भाषेत सारखीच. फोनमध्ये दोन गूगल खाती असतात, एक स्वतःचं, एक दुकानाचं, आणि नोंद भलत्याच खात्यात पडते. उजव्या कोपऱ्यातला गोल फोटो दाबून खातं बदला आणि पुन्हा शोधा. दुसरं, चुकून काढून टाकलेली नोंद. कीपच्या कचरापेटीत ती ७ दिवसच राहते, म्हणून शंका आली की लगेच बघा, रविवारवर ढकलू नका.

तिसरं कारण मात्र आपल्या मराठीचं आहे, आणि ते मला फार उशिरा उमगलं. शोध अक्षरं जुळवतो, अर्थ नाही. "वाणी" म्हणून शोधलं आणि नोंदीत "वाण्याकडून साबण" असेल, तर शब्दाचं रूपच बदललेलं, काय सापडणार? शिंपी शिंप्याकडे जातो, दोरी दोऱ्यांची होते, पाणी पाण्याचं होतं. आपली विभक्ती लागण्याआधी शब्द आतून बदलतो, हे शोधाच्या चौकटीला कळत नाही. त्यावर मी दोन उपाय करतो. शोधताना शब्दाचा न बदलणारा तुकडाच टाकतो: "वाण", "शिंप". आणि लिहिताना नोंदीचा पहिला शब्द नेहमी मूळ रूपात ठेवतो, बाकी वाक्य कसंही असो. "वाणी: साबण, गूळ अर्धा किलो." "बॅटरी: आजी, दत्तमंदिरामागे."

"बॅटऱ्या", "पायऱ्या", "दुसऱ्या" यांतलं ते पापणीसारखं अर्धं र आणखी त्रास देतं. काही कीबोर्ड ते एका प्रकारे साठवतात, काही दुसऱ्या. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, पण फोनच्या दृष्टीने अक्षरं निराळी. फोन बदलल्यावर किंवा कीबोर्ड बदलल्यावर जुन्या नोंदी सापडेनाशा झाल्या असतील तर असे शब्द सोडून दुसऱ्या शब्दाने शोधून बघा.

आणि लिपी एकच धरा. माझ्या नोंदींमध्ये एके काळी "वीज बिल" होतं, "लाइट बिल" होतं, आणि घाईत इंग्रजी अक्षरांत ठोकलेलं तेच बिल तिसऱ्या रूपात होतं. एका वस्तूला घरात जे नाव आहे तेच फोनमध्ये. आमच्याकडे लाइट बिल म्हणतात, म्हणून लाइट बिल.

नोंद सापडली, पण वाचून कळत नाही

"परवा ४ वाजता, काका, लाल वायर."

ही माझीच नोंद, मी तिच्याकडे दहा मिनिटं बघत होतो. परवा म्हणजे कोणता परवा? आपल्या भाषेत येणाराही परवा आणि गेलेलाही परवा. कोणते काका? पहाटेचे चार तर नसणार, पण कुठल्या वाराचे? लिहिताना सगळं लख्ख असतं, कारण आपण त्या दारातच उभे असतो. दोन दिवसांनी ते दार राहत नाही.

तेव्हापासून नोंदीत "उद्या", "परवा", "पुढच्या सोमवारी" हे शब्द मी लिहीतच नाही. तारीख आणि वार दोन्ही लिहितो, म्हणजे एक चुकलं तर दुसऱ्यावरून लक्षात येतं. माणसाऐवजी जागा लिहितो, कारण काका पुष्कळ आहेत, पण पिंपळाशेजारचा पिवळा बंगला एकच. आणि शेवटी क्रियापद. "लाल वायर" याला काही अर्थ नाही. "लाल वायर ६ मीटर घेऊन जाणे" याला आहे.

टिपायलाच जमत नाही

हात अ‍ॅसिडचे, पाठीवर बॅग, गाडी चालू. आठवतं ते नेमकं तेव्हाच. चालत्या गाडीवर फोन काढू नका, कडेला थांबा. थांबल्यावर बोलून लिहिणं सर्वात सोपं. गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टाइप करायची सोय २०१७पासून आहे आणि ती चांगली चालते. माझ्या फोनवर ती फक्त वेळांत अडखळते. पावणेदहा, सव्वाअकरा म्हटलं की काहीतरी भलतंच उमटतं. म्हणून वेळ सांगताना मी "नऊ पंचेचाळीस" म्हणतो आणि उमटलेला आकडा एकदा नजरेखालून घालतो.

बोलायचीही सोय नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच आवाज पाठवतो. स्वतःला मेसेज करायची सोय तिथे २०२२च्या नोव्हेंबरात आली. पण तिथे नोंद ठेवायची नाही, फक्त उतरवायची. ती आगगाडीच्या फलाटासारखी जागा आहे, सामान तिथे घर करून राहू शकत नाही. आवाजी मेसेज शोधाच्या चौकटीत सहसा येत नाही. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं मी तिथलं एकेक ऐकतो, वेळ असलेलं कॅलेंडरमध्ये घालतो, बाकीचं टिपणांच्या अ‍ॅपमध्ये, आणि तिथलं पुसून टाकतो. ज्या दिवशी हे चुकतं त्या दिवसापासून पुन्हा गळती सुरू होते, हे मी दोनदा बघितलंय.

खिशातली छोटी वही मी अजून सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. हायड्रोमीटरने, म्हणजे अ‍ॅसिडची घनता मोजायच्या नळीने, सहा रीडिंग घेताना फोनला हात लावायचा नसतो. पेनने १२३०, १२४०, १२३५ असं ओळीने लिहितो आणि घरी आल्यावर त्या पानाचा फोटो नोंदीला जोडतो, वर तारीख आणि जागा टाइप करून. वही कायम डाव्या खिशात असते. तिची जागा बदलली की ती विसरते.

आता माझ्याकडे काय आहे

दोनच ठिकाणं. वेळ असलेलं सगळं कॅलेंडरमध्ये, कारण ते मी रोज उघडतो आणि रोज उघडलेलं अ‍ॅप फोन निजवत नाही. वेळ नसलेलं टिपणांमध्ये. सव्वाशे घरांच्या तिमाही फेऱ्या जुन्या अ‍ॅपमधून हाताने कॅलेंडरमध्ये उतरवल्या, त्याला दोन रविवार गेले. प्रत्येक फेरीला दोन सूचना, एक आठ दिवस आधी, एक त्या दिवशी सकाळी. आठ दिवस आधीची येते तेव्हा मी समोरच्यांना फोन करून दिवस ठरवतो, म्हणजे आठवण दोन माणसांकडे राहते.

आजींच्या नव्या बॅटरीवर मी कागदाची पट्टी चिकटवून मार्करने पुढच्या फेरीची तारीख घातली. आजींनी चष्मा लावून ती वाचली, भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, दुधाच्या आकड्यांनी भरलेली पानं उलटत ऑगस्टवर गेल्या आणि त्या चौकोनाभोवती लाल पेनाने गोल केला. "तुझा फोन वाजला नाही तर मी वाजवीन," म्हणाल्या. आता प्रत्येक घरी मी ती पट्टी लावतो आणि कालनिर्णयावर गोल करायला सांगतो.

ऑगस्टमध्ये आठ दिवस आधीची सूचना सकाळी नऊला आली, नऊलाच. फेरीच्या दिवशी गेलो तेव्हा सहाही फ्लोट हिरव्या खुणेच्या जरासेच खाली होते. सगळ्या सेलना मिळून पाऊण लिटर पाणी लागलं.